सोळा पेरांचा हात

अण्णा जप करतात असं मला नोकरीच्या पहिल्या दिवशी वाटलं होतं. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या मुळापासून निघायचा, एकेक पेर चढत टोकाला जायचा आणि मग शेजारच्या बोटावर उतरायचा. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत. मी मंद्रूप गावची, पूजा झाल्याशिवाय चहा न मिळणाऱ्या घरातली. मी आदबीनं हात जोडून बाजूला उभी राहिले. जप संपल्यावर अण्णांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चौदापस्तोर बरोबर लागलं. पंधराव्याला कुनीतरी हात लावलाय बग."

माझा नमस्कार वाया गेला. अण्णा स्विचची भोकं मोजत होते.

आमचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचा. मागच्या बाजूला माग, मधे शिलाईचा हॉल, पुढे ऑफिस. या सगळ्यांतल्या कम्प्युटरच्या वायरी ज्या चपट्या डब्यात येऊन अडकतात त्याला स्विच म्हणायचं. एका डब्याला चोवीस भोकं, आणि एकेका भोकाला म्हणायचं पोर्ट. असे सहा-सात डबे कारखानाभर भिंतींवर टांगलेले होते आणि अण्णा त्यांचे कारभारी होते. मी त्यांच्या हाताखाली लागलेली नवी इंजिनिअर. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली, जिभेला तिखट, आणि आपल्याला सगळं येतं या समजुतीत खूश. अण्णांचं खरं नाव फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं. बाकी शेटपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते अण्णाच.

यातल्या प्रत्येक पोर्टला जन्मतः एक पत्ता मिळालेला असतो. बारा अक्षरांचा. त्यात शून्य ते नऊ आकडे येतात, आणि नऊ झाले की दहा येत नाही. ए, बी, सी, डी, ई, एफ येतात, आणि मग हातचा एक. म्हणजे ही मोजणी दहाची नाही, सोळाची. पुस्तकात हे शिकायला मला एक सत्र लागलं होतं. अण्णांनी ते हातावरच बसवलं होतं. करंगळी म्हणजे शून्य ते तीन, त्याच्या शेजारचं बोट चार ते सात, मधल्या बोटावर आठ, नऊ, ए, बी, आणि अंगठ्याजवळच्या बोटावर सी, डी, ई, एफ. एका बोटाला तीन पेरं आणि वर टोक, मिळून चार. चार चोक सोळा.

"आमची आई विड्यांच्या जुड्या अशीच मोजायची," ते म्हणायचे. "तिला काय कम्प्युटर येत होता?"

मी एकदा विचारलं, "अण्णा, एवढं पत्त्यांचं कौतुक कशाला? आयपी म्हणून दुसरा पत्ता असतो की प्रत्येक कम्प्युटरला."

"आयपी म्हंजे भाड्याची खोली. आज हितं, उद्या तितं. ह्यो पत्ता म्हंजे अंगावरचा तीळ. मरेस्तोर जात न्हाई."

आणि अण्णांचं इंग्रजी विचाराल, तर त्यांचं स्वतःचं मत असं होतं: "ए पासून एफ पस्तोर मला फस्कलास येतंय. पुढची अक्षरं कंपनीनं तुमच्यासाटी ठेवल्यात." पत्राचा कागद आला की तो ते माझ्याकडे सरकवायचे आणि सातवीच शिकलेल्या माणसाच्या सगळ्या रुबाबात सांगायचे, "बग, एफच्या पुढचं काय काय हाय त्यात."

अण्णांचं घराणं विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि बंद पडलेल्या स्विचशी पुन्हा तेलुगू. "एमैंदी रा?" म्हणून ते डब्याच्या पाठीवर दोन थापट्या मारायचे. काय झालं रे, असं तापानं फणफणलेल्या लेकराला विचारावं तसं. कारखान्यात कापसाची रुई सगळीकडे उडत असते. ती डब्यांच्या फटींत बसू नये म्हणून अण्णा खिशात रंगाचा जुना ब्रश बाळगायचे. दुपारी माझ्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली की त्याच ब्रशनं टेबलावरचा चुरा झाडायचे. मी ओरडले की म्हणायचे, "चटणीनं स्विचला काय हुतंय? जरा तिखट हुईल, तुझ्यावानी."

पण अण्णांचं खरं वेड वेगळंच होतं. सुटलेलं टोक त्यांना बघवत नसे. तरुणपणी वडिलांबरोबर मागावर उभे राहिलेले. दोरा तुटला की माग थांबवून आधी गाठ मारायची, हे हाडात मुरलेलं. मागावर ठीक आहे हो. पण हा माणूस जगाला गाठी मारत सुटला होता. समोरच्याच्या शर्टाचा दोरा लोंबत असला तर बोलणं थांबवून आधी तो तोडायचा. वॉचमनच्या बुटाची नाडी सुटली की स्वतः खाली बसून बांधायचा. मॅनेजरसाहेबांच्या नव्या पडद्याची झालर त्यांनी एका दुपारी न विचारता-बिचारता वेणीसारखी बांधून टाकली होती. साहेब चिडले, आणि अण्णांना ते का चिडलेत हेच कळेना.

एका संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवरून एसटी स्टँडला सोडायला घेतलं. सात रस्ता चौकात पुढच्या मोटरसायकलवर एक बाई बसलेल्या, पदर चाकाजवळ लोंबतोय. झालं. अण्णांनी स्कूटर त्यांच्या मागे घातली. ते हॉर्न वाजवताहेत, मी मागून "पदर, पदर" म्हणून ओरडतेय, आणि पुढच्या गृहस्थाला वाटलं आपल्या मागे कोणीतरी भांडायला लागलंय. त्यानं वेग वाढवला. अण्णांनीही वाढवला. स्टँड कुठल्या कुठे राहिला. शेवटी एका सिग्नलला तो गृहस्थ गाडीवरून उतरून बाह्या सरसावत आमच्याकडे आला. अण्णा शांतपणे त्याच्या बाजूनं पुढे गेले आणि त्या बाईंना म्हणाले, "ताई, तेवढं टोक खोचून घ्या." मग मागं वळून स्कूटरला किक मारली. माझी मंद्रूपची गाडी चुकली ती चुकलीच. "येती की दुसरी," अण्णा म्हणाले. त्या दिवशी ते इतके आनंदात होते की मला रागावताही येईना.

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे ती गोष्ट. ती सांगताना मला अजूनही कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात.

माझा पाचवा महिना होता. अण्णा भाचीच्या लग्नाला दोन दिवस सुट्टीवर गेले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाईच्या हॉलचं सगळं नेटवर्क झोपलं. खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापल्या जाईनात. माल परदेशी जायचा होता, कंटेनर दारात उभा. मॅनेजरसाहेब दर दहा मिनिटांनी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहात होते.

मी स्विचच्या नोंदी उघडल्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: एका पोर्टनं पाठवलेला निरोप फिरून त्याच्याकडेच परत येतोय. म्हणजे कुठेतरी एका वायरीची दोन्ही टोकं एकाच ठिकाणी खोचली गेली होती आणि निरोप गोल गोल फिरून सगळी वाट अडवत होते. कुठल्या पोर्टवर, ते मात्र आमचा जुना डबा सांगत नव्हता. तो फक्त त्या पोर्टचा पत्ता सांगत होता. शेवटची दोन अक्षरं, ई-तीन.

डब्याच्या पाठीवर त्याचा स्वतःचा पत्ता चिकटवलेला असतो. तो संपत होता डी-आठवर. पहिल्या पोर्टला त्याच्या पुढचा, दुसऱ्याला त्याच्या पुढचा, असे ओळीनं पत्ते लागतात. मी मोजलं. डी-नऊ पहिलं. ई-शून्य दुसरं. ई-एक, ई-दोन, ई-तीन. पाचवं पोर्ट.

वाचणाऱ्यांपैकी काही जणांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. नऊनंतर ए येतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत यावरच मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण घाबरलेलं माणूस पहिलीत शिकल्यासारखंच मोजतं. डी-ए ते डी-एफ अशी सहाच्या सहा पोर्टं मी गिळून टाकली आणि मला ढेकरसुद्धा आली नाही.

पाचव्या पोर्टची वायर जात होती अक्कांच्या टेबलाकडे. अक्का म्हणजे शिलाई हॉलच्या सुपरवायझर. एकोणीस वर्षं त्याच हॉलमध्ये, चाळीस बायका हाताखाली, आणि आवाज असा की मशीन चालू असताना शेवटच्या रांगेत पोचायचा. आदल्याच आठवड्यात त्यांनी पंखा लावायला टेबल सरकवलं होतं, तेव्हा वायरी इकडच्या तिकडे झाल्या असणार असं मी धरून चालले. माझं गणित आणि त्यांचं टेबल नेमकं जुळलं. मी साहेबांना सांगितलं, "अक्कांच्या टेबलावरनं झालंय सर." अक्कांना एका शब्दानं विचारलं नाही.

साहेब तडक हॉलमध्ये गेले. चाळीस मशीनी थांबल्या. "कोणाला विचारून वायरींना हात लावला? कंटेनर चुकला तर तुम्ही पाठवणार आहात माल? उद्यापासून येऊ नका." अक्का म्हणाल्या, "साहेब, मी फकस्त टेबल वडलं. वायर जिथल्या तिथंच हाय." साहेब आणखी जोरात ओरडले. अक्कांनी खाली बसून आपली कात्री, चष्म्याची डबी, जेवणाचा डबा असं एकेक पिशवीत भरायला घेतलं.

मी जाऊन पाचवी वायर उपटली. नेटवर्क उठलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण "सर, माझं चुकलं असेल" हे चार शब्द मी उच्चारले नाहीत. सहा महिन्यांच्या बोलीवरची नोकरी होती, आणि घरी वडिलांनी सगळ्या गावाला पेढे वाटले होते.

मी लपून अण्णांना फोन केला. लग्न जवळच होतं, अण्णा पंधरा मिनिटांत मांडवातून तसेच आले. नवं धोतर, केसात अक्षता, तोंडात विडा. "किती आलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"डी-आठचा डबा. ई-तीनवर फिरतंय."

अण्णांनी दोन्ही हात पुढे धरले. उजव्या हातावर पत्ता, डाव्या हातावर पोर्ट. उजवा अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर, नऊवर. डावा करंगळीच्या मुळाशी, एकवर. दोन्ही अंगठे बरोबरीनं निघाले. ए, बी, सी, डी, ई, एफ. हातचा एक. शून्य, एक, दोन, तीन. उजवा अंगठा करंगळीच्या टोकावर थांबला. डावा मधल्या बोटाच्या तिसऱ्या पेरावर.

"अकरा," अण्णा म्हणाले. आणि त्यांचा विडा चघळायचा थांबला.

अकरावी वायर मीटिंगच्या खोलीत जाते. तिथे मोठ्या टेबलाखाली पाच भोकांचा एक छोटा डबा पडलेला असतो. अण्णा धोतर सावरत टेबलाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं चक्कर आली. वाकून बघते तर अण्णा मांडी घालून बसलेले, हातात एक निळी वायर, आणि ते गदागदा हसताहेत.

"मीच की गं!" ते म्हणाले. "लग्नाला निघालो तवा लाईट नव्हती. हिचं एक टोक डब्यात, दुसरं लोंबत हुतं फरशीवर. मला बगवंना. बगितलं मोकळं भोक, आन् दिलं खोचून." लाईट दुसऱ्या दिवशी आली, आणि डबा आपल्याच शेपटीला चावायला लागला.

वायर काढल्याबरोबर हॉलमधलं मशीन चिठ्ठ्या ओकायला लागलं. मी सुटकेचा श्वास टाकला. अण्णांचं मात्र हसणं एकदम थांबलं. "अक्का कुटं हाय?" त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं.

एकेकीचा निरोप घेत अक्का पिशवी खांद्याला लावून हॉलच्या दारापर्यंत आल्या होत्या. अण्णा ती निळी वायर हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. "अक्का, तुमचं काय बी चुकलं न्हाई. ही मी लावली."

साहेब मागून धावत आले. अण्णांवर त्यांचा जीव होता. हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या अण्णा. पोरीचं मोजायला चुकलं. चालू झालं ना, विषय संपला."

"तिचं मोजायला चुकलं. माजं तर लावायलाच चुकलं. साहेब, मगाशी अक्का कुटं हुबी हुती?"

साहेबांनी टेबलाकडे बोट दाखवलं. अण्णा तिथे जाऊन उभे राहिले. नवं धोतर, केसात अक्षता. "आता मला वरडा."

"अण्णा, काहीतरीच काय!"

"वरडा की. अक्काला वरडलात तसं."

साहेब कसेबसे म्हणाले, "वायरींना विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नका."

"आवाज पडला," अण्णा म्हणाले. "मगाशी पार गेटपस्तोर ऐकू गेला म्हनत्यात. वॉचमन, आला का रं ऐकू?"

"न्हाई आला!" गेटवरून उत्तर आलं.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग पदर तोंडाला लावलेल्या चाळीसही बायका हसायला लागल्या. साहेबांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज खरंच चढला, पण शेवटी तो फाटला आणि तेही हसले. मग ते अक्कांच्या समोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, मी चुकलो. पिशवी खाली ठेवा."

मी त्यांच्या मागोमाग गेले. मला रडूच येत होतं. "अक्का, मी तुमचं नाव घेतलं. माझं चुकलं." अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव घ्यायच्या आधी धा पावलं चालून माज्याकडं यायचं हुतंस की गं." मग पिशवी खाली ठेवली. "कसं मोजलंस? दाव."

मी कुठे चुकले ते सांगितलं आणि अण्णांची मोजणी त्यांना हातावर करून दाखवली. चार पेरं, चार बोटं, सोळा, मग हातचा एक. अक्कांनी भुवया वर केल्या. शेजारच्या मशीनवरच्या बाईकडे बघितलं आणि दोघींनी एकदमच आपापला हात वर केला. अंगठे पेरांवरून झरझर फिरले. मग तिसरीनं, मग सगळ्या रांगेनं. टॉवेल त्या तसेच मोजायच्या. बोटं भरली की एक गठ्ठा. सगळ्यांच्याच आया विड्या वळणाऱ्या. त्या अख्ख्या हॉलमध्ये सोळापर्यंत मोजता न येणारी मी एकटी इंजिनिअर होते.

अक्का तेव्हा हसल्या. इतक्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

नोकरीत मी टिकले. त्यानंतर दोनच वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. शिलाई हॉलनं त्यांना चादर दिली, जाड, लाल-पांढरी. तिच्या एका काठाच्या दशा बायकांनी मुद्दाम बांधल्या नव्हत्या, नुसते मोकळे दोरे सोडले होते. अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अण्णा, आता तरी टोकं मोकळी ऱ्हाऊ द्यायला शिका." अण्णांनी चादर घडीसकट छातीशी धरली. मी बघत होते, भाषणं चालू असतानाच त्यांची बोटं त्या दोऱ्यांकडे वळवळत होती.

मी आता पुण्यात असते. खोलीभर स्विच आहेत, आणि कुठलाही पत्ता एका क्षणात पडद्यावर पोर्टासकट दिसतो. तरी माझा अंगठा आधी पेरांवरून फिरतो, आणि कोणाचं नाव घ्यायची वेळ आली तर मी आधी उठून त्याच्या टेबलापर्यंत चालत जाते. हाताखालची मुलं म्हणतात, मॅडम जप करतात.

गेल्या दिवाळीत मंद्रूपला जाताना मी अण्णांच्या घरी गेले. म्हातारपण अंगावर आलेलं, पण मला बघून आवाज तसाच. "आली का तिखट!" खाटेवर तीच चादर होती. मी काठ उचलून बघितला. दशांचे घट्ट पिळदार गोंडे केलेले, एकसारखे, एका ओळीत.

"राहवलं नाहीच ना अण्णा?"

"मोज," ते म्हणाले.

मी डावा हात पुढे केला आणि करंगळीच्या मुळापासून मोजायला लागले. एकूण चोवीस जागा निघाल्या. पण त्याआधीच मधल्या बोटाच्या तिसऱ्या पेरावर माझा अंगठा अडखळला होता. अकराव्या जागी गोंडा नव्हता. दोरे नुसतेच मोकळे सोडलेले होते. मी हसत त्यांना पीळ द्यायला हात घातला.

"त्याला हात लावू नको," अण्णा गडबडीनं म्हणाले. "अक्का येती महिन्या-दोन महिन्यानं. आली की आधी ते बगती, मगच चहा घेती."